सात नंबरचा बिल्ला

दुपारच्या शांततेत वॉशिंग मशीन खणखणायला लागलं. तिने ते थांबवलं, आतली जीन्स चाचपली, तर खिशातून पितळी बिल्ला निघाला. त्यावर आकडा सात.

"अगं बाई! हा द्यायचाच राहिला."

लेक झाल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदाच ती एकटी फिरायला गेली होती. वाळवंटातून गाडी हाकताना वाटेत जमिनीखालची एक गुहा पाहिली. उतरताना रखवालदार प्रत्येकाला बिल्ला द्यायचा, वर आल्यावर तो ज्याचा त्याने खुंटीला टांगायचा. खुंटी रिकामी दिसली, की माणूस खालीच राहिलाय असं समजून बिचारा शोधायला उतरायचा.

तिकिटामागच्या नंबरावर तिने लगेच फोन लावला.

"काका, माफ करा हं. चार दिवस झाले, सात नंबर माझ्याकडेच आहे. माझ्यापायी तुम्हाला उगीच हेलपाटा पडला असेल."

"छे हो ताई, सात नंबर खुंटीलाच आहे की. तुम्हीच तर टांगलात."

"मी? कधी?"

"तुमची गाडी गेली, त्यानंतर तासाभराने वर आलात तेव्हा. मी म्हटलंही, ताई, गाडी तर मघाच गेली. तर हसून म्हणालात, चालत जाईन, लेक वाट बघतेय."

ओला बिल्ला तिच्या मुठीत गार पडत चालला होता.

"आई," खिडकीशी उभी असलेली लेक वळून म्हणाली, "तू तर इथे आहेस. मग फाटकातून मला हात करतेय, ती आई कोणाची?"