सहा मुलांमागे एक

तपासनीस बाईंनी तिसऱ्यांदा घरी फोन लावला, तेव्हा कुठे सासूबाईंनी उचलला.

"अगं, पोरगी बाथरूममध्ये शिरलीये. हाका मारून घसा बसला माझा. मला पलंगावरून उतरता येत नाही, काय करू सांग."

बाईंनी फोनवरूनच मुलीला चॉकलेटची लाच देऊन बाहेर काढलं आणि कपाळाला हात लावला. अडीच वर्षांची पोर आणि पाय मोडलेल्या सासूबाई, कोण कोणाला सांभाळणार? सकाळी सातला मुलीच्या पाळणाघरातून निरोप आला होता, पाण्याची मोटर बिघडलीये, आज मुलीला आणू नका. नवरा परगावी. ऑफिसात रजेचा विषय काढायची सोय नव्हती. म्हणून स्वतःचं लेकरू वाऱ्यावर सोडून बाई इथे परक्या लेकरांची व्यवस्था तपासत होत्या.

आणि हे पाळणाघर तर दृष्ट लागावी असं. टेबलांचे कोपरे गोल केलेले, बाथरूम कोरडं ठणठणीत. बारा मुलं, दोन ताया. सहा मुलांमागे एक, अगदी नियमाला धरून. कोणी कोणावर खेकसत नव्हतं. एक बाळ धडपडलं, तर रडू फुटायच्या आत ताईने उचललंही. दप्तरं अडकवायच्या खुंट्या तेवढ्या सोळा होत्या. संचालिका म्हणाल्या, "सुताराने जास्तीच्या ठोकल्या." एक मुलगा शेजारची रिकामी खुर्ची घट्ट धरून बसला होता, कोणाला टेकूही देत नव्हता. बाईंना त्याच्या हट्टाचं हसू आलं.

त्यांच्या मुलीच्या पाळणाघरात वीस पोरं होती आणि ताया दोनच. तक्रार करावी तर ते बंद पडणार, मग मुलीला ठेवायचं कुठे? आपण काय काम करतो हेसुद्धा त्यांनी तिथे सांगितलं नव्हतं. मुकाट्याने सहन करत होत्या आणि रोज मुलीला तिथे सोडताना त्यांचा जीव तुटत होता.

त्यांनी इथे सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण भरले. पहिला दर्जा. अहवाल पाठवला. एकदा पाठवला की तो बदलता येत नसे. मगच, चाचरत, त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीला इथे जागा मिळेल का हो?"

संचालिका म्हणाल्या, "बाराच घेतो आम्ही. पण तुमच्यासाठी बघू काहीतरी."

कित्येक महिन्यांनी बाईंना हलकं वाटलं. फाटकापाशी आल्या तोच मुलीच्या पाळणाघरातल्या ताईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"उद्यापासून आणा हो मुलीला. मोटरबिटर काही बिघडली नव्हती, आमची तपासणी होती आज. आठ जणांना घरीच ठेवायला सांगितलं, बाराच दाखवली. पहिला दर्जा मिळाला. कोणाला बोलू नका बरं का. तसं सगळीकडे असंच करतात म्हणा."

बाईंनी मान वर केली. समोरच्या फुटपाथवर तिघी-चौघी बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, बाईंची गाडी निघायची वाट बघत.