डाव्या बाजूचा पत्रा

रमणनं लोहचुंबक फडक्यात गुंडाळलं आणि गाडीच्या मागच्या डाव्या अंगावरून अलगद फिरवलं. आत पुट्टी भरलेली असती तर ते कुठंतरी सुटलं असतं. सुटलं नाही. मग डोळे मिटून त्यानं बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला, कीर्तन उभं राहण्याआधी मृदंगी कान लावतो तसा. चाकाच्या कमानीपासून मागच्या दिव्यापर्यंत एकच सूर.

मस्कतजवळच्या अल हैलला मुस्तफाच्या अंगणात सकाळपासून ही तपासणी चालली होती. एकोणीसशे एकोणसत्तरची अमेरिकन मसल कार, लांब नाकाची, दोन दारांची. म्हाताऱ्या मुस्तफाला आता ती चालवणं झेपत नव्हतं, म्हणून त्यानं ती विकायला काढली होती. जुन्या गाड्यांचा शौकीन असलेल्या अम्मारला ती हवी होती, पण कारखान्यातून निघाली तशीच. एक अंग जरी बदललेलं असलं तरी नको. असल्या गाड्यांत तो दोनदा फसला होता. म्हणून या खेपेला रुवीहून रमणला घेऊन आला. रमण बासष्ट वर्षांचा, चाळीस वर्षं मस्कतमध्ये गाड्यांचा पत्रा ठोकण्याचं, डेंटिंगचं काम करणारा. त्यानं अस्सल म्हटलेली गाडी आजवर नकली निघाली नव्हती. येत्या महिन्यात तो कायमचा गावी निघाला होता. ही शेवटची तपासणी.

काचेखालच्या पट्टीवरचा नंबर, इंजिनावर ठोकलेला नंबर आणि मडगार्डाखाली दडवलेला नंबर, तिन्ही जुळले. रंग नंतरचा होता, मूळच्या पिवळ्यावर निळा. ते मुस्तफानं आधीच सांगितलं होतं. राहिला होता पत्रा. रमण गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून त्यानं डाव्या बाजूच्या रेघेवर नजर लावली. दारापासून निघालेली ती रेघ चाकावर चढत होती, उतरताना इतकी हळू विरत होती की ती नेमकी कुठं संपते हे सांगता येईना. उजवी बाजू त्यानं मघाशीच पाहिली होती. चांगली होती. पण ही! त्यानं त्या रेघेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"कारखान्याचीच आहे, अर्बाब," तो अम्मारला म्हणाला; इथं मालकाला अर्बाबच म्हणतात. "पैजेवर सांगतो. माणसाच्या हातून हे होत नाही."

त्यानं बॉनेटवर कागद ठेवला, 'संपूर्ण मूळ' असं लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं. कहव्याचे पेले घेऊन आलेला मुस्तफा जागीच थांबला.

"सही नको करूस," मुस्तफा म्हणाला. "गप्प बसणार होतो मी. अल्ला माफ करो. पण तू त्या माणसाचं काम यंत्राच्या नावावर लावतो आहेस, ते मला बघवत नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी साली निझवाच्या रस्त्यावर गाडी उंटावर आदळून गरगरली आणि डावी मागची बाजू कागदासारखी चुरगळली. अमेरिकेहून पत्रा यायला वर्ष लागणार होतं. रुवीच्या एका गॅरेजात नुकताच आलेला हिंदुस्तानी कामगार होता, त्यानं पत्र्याच्या साध्या चादरीतून अख्खं अंग ठोकून काढलं. तीन आठवडे लागले. त्याचा मालक रोज शिव्या घालायचा, हा आपला गात गात ठोकत राहायचा. किती दिवस लागतील म्हणून मुस्तफा विचारायला गेला, तर मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

अम्मारनं रमणकडे पाहिलं. चाळीस वर्षांत रमणकडे कुणी असं संशयानं पाहिलं नव्हतं. त्याचे कान तापले. म्हाताऱ्याची काहीतरी गल्लत होते आहे, दुसऱ्या गाडीची गोष्ट असेल, असं पुटपुटत त्यानं डिकी उघडली, आतलं अस्तर सोडवलं आणि काखेपर्यंत हात घालून पत्र्याची आतली बाजू चाचपली.

हात तिथंच थबकला.

आत ठोके होते. हातोडीचे, अगदी बारीक, एकाशेजारी एक, ओळींवर ओळी. मठार. तांब्याची कळशी घट्ट व्हावी म्हणून तांबट तिला घालतात ती मठार. मोटारीच्या पत्र्याला मठार घालायची जगात कुणाला गरज नसते. चिपळूणजवळच्या एका आळीत बापाच्या हाताखाली कळश्या ठोकून इथं आलेल्या, दुसरं काहीच न येणाऱ्या एका तांबटाच्या पोराखेरीज कुणाला ते सुचलंही नसतं. हे मोटारीचं गॅरेज आहे, भांड्यांचं दुकान नव्हे, असं मालकानं बजावल्यावर वर्षभरात त्यानं ती खोड सोडली होती. त्या वर्षी हाताखालून शेकडो गाड्या गेल्या. त्यांतली एक पिवळी होती खरी. तिचं नावही तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं.

रमणनं हात बाहेर काढला. मघाचा कागद चुरगाळला आणि दुसऱ्यावर लिहिलं, 'मागची डावी बाजू हातानं घडवलेली. माझा अंदाज चुकला.' खाली सही केली.

अम्मारनं ते वाचलं. मग तोही डिकीत वाकला, आत हात घालून एकेक ठोका चाचपत गेला. उठला तेव्हा त्यानं आधी मुस्तफाचा हात हातात घेतला. सौदा ठरला होता तोच कायम, असं म्हणाला. आणि रमणकडे वळला.

"रमणभाई, कोण होता तो? ओळखता त्याला?"

रमण आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत उभा होता. त्या तीन आठवड्यांतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं, ना ठोके, ना गाणं, ना ती रेघ.

"हात माझेच आहेत, अर्बाब," तो म्हणाला. "पण हे काम माझं नाही."