तिठ्यावरचा नारळ

आपल्या कारखान्यात नारळाच्या चोथ्यावर एन्झाइम घालून काढलेली साखर गुरुनाथ लेकीच्या दुधात ढवळत होता. "पोटातले चांगले जंतू यावर पोसतात," तो बायकोला म्हणाला. "आणि माल फुकट! लोक नजर उतरवून तिठ्यावर नारळ टाकतात ना, तेच वेचून आणले."

सुमित्रेने चमकून पेल्याकडे पाहिलं. लेकीला अन्न जाईना, म्हणून अमावस्येला तिनेच नारळ उतरवून तिथे टाकला होता, मागे वळून न बघता.

"मी बाहेर टाकलेली पीडा तुम्ही साखर करून घरात आणलीत?"

"अगं, एन्झाइम सगळं फोडतं."

"चोथा फोडत असेल. नजर फोडतं का?"

एवढ्यात लेकीने पेला ओढला, घटाघटा रिकामा केला आणि ती म्हणाली, "आई, भात वाढ. भूक लागलीय."

गुरुनाथ जिंकल्यासारखा हसला. सुमित्रेने ताट भरलं; पण ही भूक कुणाची, हे लेकीच्या डोळ्यांत बघायला ती धजेना.