बिनवासाची सुरमई

“मागच्या रविवारची सुरमई झकास होती,” मधुकर नाना पाटीवर वाकून म्हणाले. “एरवी तळताना घरभर वास सुटतो, तो अजिबात नाही. आमची ही म्हणाली, मासळी अशी हवी.”

अंजनाबाई पाटीतली मासळी सारखी करत राहिली. अंधेरीच्या त्या बाजारात ती चाळीस वर्षं एकाच ओट्यावर बसत होती, आणि मासळीला वास नाही म्हणून कोणी कौतुक केल्याचं तिला आठवत नव्हतं.

“तुम्ही कधी रिटायर होणार?” नानांनी पिशवी उघडत विचारलं. “मी अठ्ठावन्नला मोकळा झालो. तुम्ही साठीच्या पुढे असाल की.”

“दिवाळीला होईन.”

हे ती चार वर्षं सांगत होती. एका दिवाळीला सुनेचं बाळंतपण आलं, नात सपना झाली. एका दिवाळीला मुलाने, निमेशने, होडी विकली. आता कांदिवलीच्या घराचा हप्ता होता, आणि निमेश दिवसभर टॅक्सी चालवून आणायचा त्यात तो अर्धाच भागत होता. सकाळी गुडघे उठू देत नव्हते. तरी ती उठत होती.

“एक किलोची बघा,” नाना म्हणाले.

तिने वरची सुरमई उचलली. मासा काठीसारखा ताठ, डोळे चकचकीत. हा बाहेरून ट्रकने येणारा माल. गेला महिनाभर तो स्वस्त मिळत होता आणि दोन-दोन दिवस टिकत होता. अकरा वाजून गेले होते, वरचा पत्रा तापला होता, पाटीतला बर्फ कधीच वितळला होता. समोर बसणाऱ्या लवूच्या बोंबलांवर माशा घोंगावत होत्या आणि तो फडक्याने हाकलून हाकलून दमला होता. तिच्या पाटीवर एकही माशी नव्हती. पहिल्या दिवशीच हे तिच्या ध्यानात आलं होतं. तेव्हापासून ती जरा तोंड फिरवून बसायला लागली होती.

तिने सुरमई नाकाजवळ नेली. मासळीचा वास नव्हताच. खोल कुठेतरी दवाखान्यातल्या औषधासारखं काहीतरी होतं, मासा कुजू नये म्हणून मारलेलं. तिने मासा परत पाटीत ठेवला.

“नाना, आज नको. आज कोंबडी न्या.”

“का? छान तर दिसतेय.”

“मागच्या रविवारची पण खायला नको होती तुम्ही.”

नानांना वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय. ते हसले आणि शेजारच्या सुनंदाकडे वळले. सुनंदाकडेही तोच माल होता. तिने मान वर न करता वजन केलं, तुकडे केले, पिशवीत भरले. जाताना नानांनी अंजनाबाईकडे बघून हात हलवला.

फोन वाजला. सून होती.

“आई, येताना एखादा चांगला तुकडा आणा ना. सपना मासा मागतेय सकाळपासून.”

“आज घरी आणण्यासारखं काय नाय.”

सून काही भोळी नव्हती. महिनाभर सासूने घरी माशाचा एक काटा आणला नव्हता.

“बरं,” ती म्हणाली. “मी अंडी करते तिला. तुम्ही सगळं विकूनच या पण. परवा हप्ता जायचाय.”

अंजनाबाईने फोन ठेवला. तिला सुनेचा राग आला नाही. सून जे बोलली तेच ती स्वतः महिनाभर करत होती, फक्त तोंडाने बोलत नव्हती. तिने तळवा नाकाशी नेला. चाळीस वर्षं कुठल्या साबणाने न गेलेला वास एका महिन्यात गेला होता. तिने तळवा लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला.

मग ती ओट्याला धरून उठली. झाडूवाल्याच्या कोपऱ्यातून फिनेलची बाटली घेतली, पाटी फरफटत कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेली आणि पालथी केली. मासे लाकडासारखे खडखडत पडले. कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून तिने सगळी बाटली त्यांच्यावर ओतली.

सुनंदा धावत आली. “अंजने, वेडी झालीस काय गं? सात हजारांचा माल तो.”

“उद्यापासून नाय बसणार मी.”

“नको बसू. गुडघे गेलेच आहेत तुझे, मीच सांगणार होते.” सुनंदाने तिच्या दंडाला धरलं. तीस वर्षं दोघी एका डब्यातलं जेवल्या होत्या. “पण हे मला द्यायचं होतंस ना. मी विकलं असतं. अर्धे पैसे तुला आणून दिले असते.”

ती हे अगदी मायेने म्हणाली. अंजनाबाईने दंड हळूच सोडवून घेतला.

तिने नळाखाली कोयता धुतला, फडक्यात गुंडाळला. ओट्यावर दोन बादल्या पाणी मारलं. निमेशला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. परवाचा हप्ता परवाच येणार होता. भिंतीचा आधार घेत ती फाटकापर्यंत आली आणि दम खायला थांबली, तेव्हा सहज मागे वळून पाहिलं.

ओटा अजून ओला होता. सुनंदाने आपली दुसरी पाटी त्यावर सरकवली होती आणि सुरमया एका रांगेत मांडून ती गिऱ्हाइकाला हाताने इकडे बोलावत होती.