'विथ' की 'बाय'

"माय फादर इज बर्डन्ड," लेक बाहेरच्या खोलीत फोनवर म्हणाली, आणि आत खाटेवर पडलेल्या मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि घरातच ही बोंब.

अर्धं अंग लुळं पडलं होतं, पण कान चांगले तिखट होते. लेकीला परगावची नोकरी चालून आली होती आणि लगेच रुजू व्हा म्हणत होते. बाबांची कुठल्यातरी आश्रमात सोय लावेपर्यंत ती महिनाभराची मुदत मागत होती. फोनच्या पलीकडच्या बाईंना काही उलगडा होईना. ओझं वडिलांवर आहे, तर मुदत तुम्हाला कशाला? साहेबांना विचारून पुन्हा फोन करते म्हणाल्या.

लेक आत आली आणि नेहमीप्रमाणे त्यांना कुशीवर वळवू लागली.

"उलटं बोललीस," मास्तर म्हणाले. जीभ जड झाल्यामुळे शब्द एकेक करून यायचे. "तुझ्या वाक्यात ओझं माझ्या डोक्यावर आलं. ते तुझ्या डोक्यावर पाहिजे. आय अ‍ॅम बर्डन्ड."

"बाबा, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

तिने उशी सारखी केली, चादर सारखी केली.  पण चुकीचं वाक्य तसंच सोडून देणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.

"पुढे 'विथ' लाव. 'विथ' म्हणजे कुणीतरी आणून लादलेलं. 'बाय'सुद्धा चालतं, पण ते आतून जाचणारं. तुझं कुठलं, ते तू बघ."

"मरू दे ना ते वाक्य."

"मरू दे कसं? हातची नोकरी जाईल, बये. म्हण एकदा."

 तेवढ्यात फोन वाजला. जाताना तिने मधलं दार ओढून घेतलं, पण ते दार कधीच नीट लागायचं नाही. मास्तर कानात प्राण आणून ऐकत राहिले.

"आय अ‍ॅम बर्डन्ड विथ माय फादर," लेक म्हणाली. सावकाश, कुठे न अडखळता.

वाक्य अगदी बिनचूक होतं. सवयीने मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास."