ताईचं टेबल

दोघी बहिणींनी आमिश हा कडक ख्रिस्ती पंथ सोडला होता. लोव्हिनाताई मोठेपणी घ्यायची बाप्तिस्म्याची शपथ घेतल्यावर शंका येऊन बाहेर पडली, सलोमा बाप्तिस्म्याआधीच निसटली. म्हणून आज घरी भेटीला आल्यावर जेवताना सलोमा सगळ्यांच्या पंगतीत, आणि शपथमोडी ताई खिडकीपाशी, वेगळ्या टेबलावर. ताईच्या हातून काही घ्यायला बंदी; ती वाडगा टेबलावर ठेवायची, मग आई तो उचलायची आणि एप्रननं डोळे टिपायची. सलोमाचा जळफळाट झाला. “आई, मीपण गेले ना? माझ्यासाठी का नाही रडत?” “तुझं काय रडायचं, बाई? चार दिवस हुंदडशील नि येशील परत. बटाटे दे इकडे.” सलोमा ताट घेऊन उठली आणि थेट ताईसमोर बसली. “वेडे, तुला कुणी बसवलंय इथं?” ताई हसली. “म्हणजे तू परत येणारच नाहीस?” सलोमाला विचारताना आईला हुंदका फुटला. सलोमाला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.