तिसरा रकाना

माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, विनिताने, ताडाच्या नीरेतलं अल्कोहोल मोजणारी बायोसेन्सरची पट्टी बनवली. प्रबंधातल्या तक्त्यात तीन रकाने होते: कॉलेजचं यंत्र, तिची पट्टी आणि ‘बाबांचा कान’. कळंबला तिच्या घरी आलेले मार्गदर्शक सर म्हणाले, “असली थट्टा नको. तिसरा रकाना खोड, मगच सही करीन.” “आधी बाबांना ऐकू द्या,” म्हणत तिने वेगवेगळ्या वेळी उतरवलेली तीन मडकी मांडली. चाळीस वर्षं ताड चढलेल्या तिच्या बाबांनी एकेकाला कान लावला. “ही गोड. ही फसफसाया लागली. ही पुरती ताडी!” पट्ट्यांनीही तेच सांगितलं. सरांनी सही केली. बाबा माझ्याकडे वळले. “बाई, वाचता येत नाय. माझा कान कुठं लिवलाय?” विनिताला शाळेत रकाने आखायला मीच शिकवलं होतं. मी त्यांचं बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश उतरलं, ताडावरून उतरावं तसं.